शितावरून दीर्घिकेची परीक्षा

इसवी सन ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अल्-सूफी या खगोलशास्त्रज्ञांनी इराणात ताऱ्यांवरचा आपला अरबी ग्रंथ पूर्ण केला. टॉलेमीची जुनी तारायादी त्यांनी नुसती उतरवून घेतली नाही. एकेका ताऱ्याची जागा आणि तेज आकाशाशी ताडून पाहिले आणि जिथे फरक दिसला तिथे तसे लिहिले. याच ग्रंथात एका ठिकाणी त्यांनी ताऱ्यांजवळच्या एका ‘लहानशा ढगा’ची नोंद केली आहे. तो ढग म्हणजे देवयानी दीर्घिका. आपल्या दीर्घिकेबाहेरच्या या मोठ्या दीर्घिकेची आज उपलब्ध असलेली ही पहिली लेखी नोंद मानली जाते. हिवाळ्याच्या सुरुवातीला, गावाच्या दिव्यांपासून दूर गेल्यास हा धूसर ठिपका आजही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याचा प्रकाश तिथून निघून सुमारे २५ लाख वर्षे झाली आहेत.

अल्-सूफींनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले, पण तो ढग कशाचा आहे हे सांगायला त्यांच्याकडे साधन नव्हते. पुढची जवळजवळ नऊशे वर्षे ते कोणाकडेच नव्हते.

आपल्या घरांत उर्दूमुळे ‘कहकशां’ हा शब्द रुळलेला आहे. फारसीत ‘काह’ म्हणजे पेंढा. कोणीतरी पेंढा ओढून नेत असावे आणि त्याच्या काड्या वाटेवर सांडत जाव्यात, तशी रात्रीच्या आकाशातली ती पांढुरकी रेघ. अरबीतही तिला पेंढा विकणाऱ्यांची वाट म्हणतात. ही रेघ म्हणजे आपण जिच्यात राहतो ती दीर्घिका, आतून पाहिलेली. अशा असंख्य दीर्घिका विश्वात आहेत. हा लेख त्यातल्या सुमारे दहा हजारांबद्दल आणि त्यांची एकेक करून तपासणी करणाऱ्या माणसांबद्दल आहे.

डाळ उतू गेली की

स्वयंपाकघरात मीठ घातलेली डाळ उतू जाऊन गॅसवर सांडली की निळी ज्योत क्षणात पिवळी होते. हा पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्य तापले की आपापल्या ठरलेल्या रंगांचा प्रकाश देते, आणि तो प्रकाश लोलकातून पसरवला तर त्या रंगांच्या बारीक रेघा दिसतात. या पसरलेल्या पट्ट्याला वर्णपट म्हणतात. १८५९ च्या सुमारास जर्मनीत किर्शहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले की या रेघांवरून पदार्थ ओळखता येतो. मग तो पदार्थ टेबलावर असो की सूर्यावर. गंमत अशी की जेमतेम पंचवीस वर्षांपूर्वी, १८३५ मध्ये, ऑग्युस्त कोंत या फ्रेंच विचारवंताने लिहून ठेवले होते की तारे कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही.

या विद्येचा एक मोठा प्रसंग आपल्याकडे घडला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दख्खनवरून गेला. ते पाहायला युरोपातून माणसे आली. ब्रिटिश लष्करातले लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होते आणि फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन गुंटूरला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात ठळक रेघा दिसल्या. त्यातली पिवळी रेघ आधी सोडियमची वाटली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी काळजीपूर्वक मोजले तेव्हा ती सोडियमच्या रेघांपासून जराशी सरकलेली निघाली. ते नवेच मूलद्रव्य होते, हेलियम. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ साल उजाडले. रेघ जराशी बाजूला आहे, एवढ्याच गोष्टीवरून एक मूलद्रव्य सापडले होते.

रेघ सरकण्याचा आणखी एक अर्थ असतो. प्रकाश देणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर तिच्या सगळ्याच रेघा निळ्या बाजूला सरकतात आणि दूर जात असेल तर लाल बाजूला. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात व्हेस्टो स्लायफर यांनी अल्-सूफींच्या त्याच ढगाचा वर्णपट टिपला. प्रकाश इतका मंद होता की एका काचेवर छाप उमटवायला कित्येक तास, कधी सलग काही रात्री लागत. उत्तर आले की देवयानी सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने येत आहे. घाबरण्याचे कारण नाही, मध्ये २५ लाख प्रकाशवर्षांचे अंतर आहे!

बिर्याणीचे वरचे शीत

पुढे काचेच्या जागी इलेक्ट्रॉनिक कॅमेरे आले आणि काम वेगाने होऊ लागले. २००० साली न्यू मेक्सिको राज्यातल्या अपाची पॉइंट वेधशाळेत स्लोन सर्वेक्षण सुरू झाले. अडीच मीटर व्यासाच्या दुर्बिणीला प्रकाशीय तंतू जोडले होते. आज घरोघरी इंटरनेट आणणारी फायबर असते त्याच जातीचे. एका वेळी ६४० तंतू आणि प्रत्येक तंतू एका लक्ष्यावर. आठ वर्षांत नऊ लाखांहून जास्त दीर्घिकांचे वर्णपट जमा झाले. विश्वात दीर्घिका कशा पसरल्या आहेत, कुठे दाटी आहे आणि कुठे ओसाड पोकळ्या, त्याचा नकाशाच तयार झाला.

पण या कामात एक उणीव होती. एका दीर्घिकेला एकच तंतू मिळत होता, आणि जवळच्या दीर्घिकेच्या बाबतीत तो फक्त तिच्या मधल्या भागाचा प्रकाश घेत होता. बाजूच्या भुजा, कडेचा वायू, एका बाजूला चाललेली ताऱ्यांची निर्मिती, हे सगळे सुटत होते.

मराठीत म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. साध्या भाताला ती लागू पडते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखाच शिजतो. पण दमाच्या बिर्याणीचे वरचे एक शीत चाखून तळाला काय झाले ते सांगता येईल का? तळ लागला असेल, मधल्या थरात मसाला जास्त असेल, वर भात फडफडीत असेल. डेगीत खालपर्यंत डाव घालावा लागतो. दीर्घिकाही थराथरांची असते. केंद्रात जुने तारे, भुजांत नवे, कुठे धूळ, कुठे बाहेरून आलेला वायू. मधल्या एका ठिपक्यावरून साऱ्या दीर्घिकेचे वय सांगणे तितकेच धोक्याचे.

म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी तंतूंच्या जुड्या बांधल्या. एका दीर्घिकेवर एक तंतू लावण्याऐवजी अनेक तंतूंची एक जुडी लावायची, म्हणजे प्रत्येक तंतू दीर्घिकेच्या वेगळ्या भागाचा वर्णपट देईल. या पद्धतीची मोठी सर्वेक्षणे तीन ठिकाणी झाली. स्पेनमध्ये अल्मेरिया प्रांतातल्या कालार आल्तो वेधशाळेतून ‘कॅलिफा’ने सहाशेहून अधिक दीर्घिका पाहिल्या. (अल्मेरिया हे नाव अंदलुसच्या काळातल्या अरबी शब्दावरून आले आहे, अर्थ टेहळणीचा बुरूज. नावाला जागणारीच ही वेधशाळा म्हणायची.) ऑस्ट्रेलियातल्या ‘सामी’ने सुमारे तीन हजार दीर्घिका तपासल्या. आणि अपाची पॉइंटवर, त्याच जुन्या अडीच मीटरच्या दुर्बिणीवर, २०१४ ते २०२० या काळात सगळ्यात मोठे सर्वेक्षण झाले. त्याचे नाव ‘मांगा’. जवळच्या दीर्घिकांचे नकाशे काढणे अशा अर्थाच्या लांबलचक इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत, पण जपानी चित्रकथांनाही मांगा म्हणतात आणि शास्त्रज्ञांनी त्या योगायोगाची मजा पुढे घेतलीच.

हाताने खोवलेले तंतू

मला या सगळ्यातला सर्वांत आवडणारा भाग दुर्बिणीचा नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या ताटाचा आहे.

आकाशाच्या ज्या तुकड्याकडे दुर्बीण वळणार त्या तुकड्यातल्या दीर्घिकांच्या नेमक्या जागा काढून त्या जागी एका गोल पत्र्याला भोके पाडली जात. पत्र्याचा व्यास सुमारे ८० सेंटिमीटर, म्हणजे दावतीच्या मोठ्या थाळ्याएवढा. भोके पाडण्याचे काम सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात चाले. मग ती ताटे न्यू मेक्सिकोच्या डोंगरावर येत आणि दिवसाउजेडी तिथले तंत्रज्ञ एकेका भोकात तंतूंची टोके हाताने खोवत. यंत्राने नाही, बोटांनी. रात्री ते ताट दुर्बिणीच्या खाली बसवायचे, दुर्बिणीवरचे शेड रुळावरून मागे सरकवायचे आणि वेध सुरू. आकाशाचा दुसरा तुकडा पाहायचा तर दुसरे ताट. वर्षानुवर्षे हे चालले होते. लाखो दीर्घिकांचा तो प्रसिद्ध नकाशा अशा हातकामावर उभा आहे, हे त्याची चित्रे पाहताना कोणाच्या लक्षात येत नाही.

मांगासाठी एका ताटावर दीर्घिकांच्या १७ जुड्या असत. लहान दीर्घिकेला १९ तंतूंची जुडी, मोठीला १२७ तंतूंची. मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी रचना, कारण गोल तंतू तसेच सर्वांत दाट बसतात. केसासारख्या बारीक तंतूंच्या मध्ये तरीही फटी राहतातच. त्या भरून काढायला पंधरा मिनिटांचा एक वेध झाला की दुर्बीण किंचित हलवायची, पुन्हा पंधरा मिनिटे, पुन्हा किंचित हलवायची. तीन जागांवरून घेतलेले वेध जोडले की फटी बुजतात. असे करत एका दीर्घिकेला दोन-तीन तास मिळत. आकाशाचा स्वतःचा मंद उजेड वजा करायला काही तंतू मुद्दाम मोकळ्या आकाशाकडे लावलेले असत. त्यांच्याकडून दीर्घिकेची काहीच माहिती मिळत नाही, पण त्यांच्याशिवाय बाकीच्यांच्या माहितीवर विश्वास ठेवता येत नाही.

दीर्घिकेच्या प्रत्येक ठिपक्याचा असा वर्णपट हाती आला की त्यातून तीन प्रकारची माहिती निघते. रेघा कोणत्या आहेत यावरून तिथे ऑक्सिजन, नायट्रोजन, गंधक किती आहे ते कळते. रेघा किती सरकल्या आहेत यावरून तो भाग आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे, म्हणजे दीर्घिका कशी फिरते, ते कळते. आणि एकूण प्रकाशाच्या रंगावरून ताऱ्यांचे वय. निळे तारे फार तेजस्वी आणि अल्पायुषी असतात. ते दिसले म्हणजे तिथे अलीकडेच तारे जन्मले आहेत. नुसता तांबूस उजेड उरला असेल तर तिथे फार काळ नवे काही जन्मलेले नाही. तापलेल्या हायड्रोजनची एक लाल रेघ तर ताऱ्यांचे बाळंतघर कुठे आहे ते थेट दाखवते.

शेवटी दहा हजार दीर्घिका भरल्या. त्या ‘जवळच्या’ म्हणायच्या, पण साधारण चाळीस कोटी प्रकाशवर्षे दूर. खगोलशास्त्रज्ञांचे जवळ-लांबचे हिशेब आपल्यासारखे नसतात.

इतक्या दीर्घिका कशासाठी, असे कोणी विचारील. दीर्घिकेचे आयुष्य अब्जावधी वर्षांचे असते आणि आपल्याला तिचा एकच क्षण दिसतो. कोणी तिला लहानाची मोठी होताना पाहू शकत नाही. पण ईदगाहवर नमाजनंतर एक फोटो काढा. त्यात कडेवरचे बाळ असते, नव्या कुर्त्यातला मुलगा असतो, मिशी फुटलेला तरुण, काठी टेकत आलेले दादा असतात. माणसाचे आयुष्य कसे सरकते हे त्या एका फोटोवरून परग्रहावरच्या पाहुण्यालाही कळेल. फक्त फोटोत माणसे पुरेशी हवीत. पाच-दहा जणांवरून अंदाज चुकतील.

विझतात कशा?

या सर्वेक्षणांपुढचा सगळ्यात मोठा प्रश्न होता की दीर्घिका तारे जन्माला घालणे थांबवतात कशा? आजूबाजूला पाहिले तर दोन प्रकार दिसतात. निळसर, भुजा असलेल्या, अजून तारे घडवणाऱ्या दीर्घिका, आणि तांबूस, शांत, विझलेल्या. आपली कहकशां पहिल्या प्रकारात मोडते, तरी तिचा वेग आता बेताचाच आहे. वर्षाला सूर्याएवढे फार तर एक-दोन तारे. आपला सूर्य, आपली पृथ्वी, आपल्या रक्तातले लोह, हाडातले कॅल्शियम हे सगळे अशाच ताऱ्यांच्या घडण्या-मोडण्यातून आले आहे. त्यामुळे हे कारखाने कधी आणि का बंद पडतात हा प्रश्न परका नाही.

एका ठिपक्याच्या जुन्या पद्धतीने दीर्घिका चालू आहे की बंद, एवढेच कळत असे. जुड्यांच्या नकाशांनी दाखवले की बऱ्याच मोठ्या दीर्घिका आतून बाहेर विझत जातात. आधी केंद्र शांत होते आणि कडेला काही काळ निर्मिती चालू राहते. कॅलिफाच्या नकाशांत त्या वाढतानाही आतून बाहेर वाढल्या असल्याचे दिसले होते. आधी मध्यभाग भरला, मग कडा. सामीने मात्र दाटीच्या वस्तीतल्या दीर्घिकांत उलटे चित्र पाहिले. तिथे कडेची निर्मिती आधी मंदावते. शेजाऱ्यांच्या गर्दीत बाहेरचा वायू हिरावला जात असावा किंवा नवा मिळत नसावा. म्हणजे विझण्याचे कारण एकच नाही. काहींना घरचेच दुखणे असते आणि काहींना मोहल्ल्याचे.

घरच्या दुखण्याचे एक उदाहरण २०१६ मध्ये मांगातून पुढे आले. एक तांबूस, विझलेली दीर्घिका. तिच्या शेजारी एक लहान दीर्घिका, जिच्यातून वायू ओढला जात आहे. वायू आहे तरी तारे जन्मत नाहीत. का? नकाशात दिसले की वायू ताऱ्यांबरोबर शिस्तीत फिरत नाही. केंद्रातून दोन विरुद्ध दिशांना तो वाऱ्यासारखा सुटला आहे, आणि त्याचा वेग नुसत्या फिरण्याने मिळेल त्यापेक्षा जास्त आहे. केंद्रातले कृष्णविवर हा वारा चालवत होते. तेही फार भुकेले, प्रखर कृष्णविवर नव्हे, अगदी मंद आचेचे. पण तारा जन्मायला वायू थंड होऊन आपल्याच भाराने आकसावा लागतो, आणि हा मंद वारा त्याला थंड होऊच देत नाही. दमाच्या शेगडीवर निखारे कमी असले तरी डेग कोमट राहते, तसे. शास्त्रज्ञांनी या दोन दीर्घिकांना ‘अकिरा’ आणि ‘तेत्सुओ’ अशी एका गाजलेल्या जपानी मांगातल्या पात्रांची नावे दिली, आणि या जातीच्या दीर्घिकांना ‘लाल फवारे’. सगळ्या विझलेल्या दीर्घिकांचे कोडे याने सुटत नाही, लाल फवारे त्यातल्या थोड्याच आहेत. पण कृष्णविवराने दीर्घिका उद्ध्वस्त न करता तिला नुसते वर्षानुवर्षे कोमट ठेवावे, ही कल्पना मला जास्त पटते. जगात फारसे काही स्फोटाने बदलत नाही.

दुसरे उदाहरण याहून अनपेक्षित आहे. काही दीर्घिकांत तारे एका दिशेने फिरतात आणि वायू नेमका उलट्या. अशा सुट्या दीर्घिका आधीही माहीत होत्या. मांगाने सांगितले की तारे घडवणाऱ्या निळ्या दीर्घिकांतही शंभरात सुमारे दोन अशा आहेत. दीर्घिकेत जन्मापासून असलेला वायू उलटा फिरणार नाही, तेव्हा हा बाहेरून आलेला. जुन्या आणि नव्या वायूची टक्कर झाली की त्यांची फिरकी कमी होते, वायू केंद्राकडे उतरतो आणि तिथे नव्या ताऱ्यांचा हंगाम सुरू होतो. मोजणीला एकच तंतू असता तर हे कधीच उघड झाले नसते, कारण उलटे फिरणे कळायला दोन्ही बाजू पाहाव्या लागतात.

यातून आपल्याच घराबद्दलही कळते. आपण कहकशांच्या आत बसलो आहोत. खोलीत बसून साऱ्या इमारतीचा आराखडा काढणे कठीण, मध्ये धूळही फार. म्हणून शास्त्रज्ञ मांगातून आपल्या कहकशांसारख्या आकाराच्या आणि वजनाच्या दीर्घिका निवडतात आणि त्यांच्या नकाशांवरून आपल्या घराचा अंदाज बांधतात.

सर्वांसाठी खुले दार

जेम्स वेब दुर्बिणीची रंगीत चित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. वर्णपट कोणी फॉरवर्ड करत नाही. वेड्यावाकड्या रेघेचा आलेख कोणाला आवडणार? पण चित्र सांगते दीर्घिका कशी दिसते, आणि वर्णपट सांगतो तिच्यावर काय गुजरले.

मांगाचे सगळे वर्णपट डिसेंबर २०२१ पासून कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यासाठी विद्यापीठाचा शिक्का लागत नाही. रत्नागिरीत किंवा मालेगावात बी.एस्सी. करणाऱ्या मुलीला संगणक आणि थोडे प्रोग्रॅमिंग येत असेल तर तिच्यासमोर तोच माल असतो जो अमेरिकेतल्या प्राध्यापकासमोर असतो. आणि शास्त्राची पदवी नसलेल्यांनाही जागा आहे. २००७ मध्ये ‘गॅलक्सी झू’ हा उपक्रम सुरू झाला. स्लोनच्या दीर्घिकांचे फोटो पाहून आकार ओळखायचा, एवढेच काम. त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या डच शाळेतल्या शिक्षिकेने एका दीर्घिकेजवळ एक विचित्र डाग पाहिला आणि विचारले, हे काय आहे? कोणाला माहीत नव्हते. पुढे कळले की तो वायूचा प्रचंड ढग आहे आणि शेजारच्या दीर्घिकेतल्या, आता मंदावलेल्या कृष्णविवराने तो कधीकाळी उजळला होता. खगोलशास्त्रात त्याला आजही ‘हॅनीची वस्तू’ अशा अर्थाचे डच नाव आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या ताटांचा जमाना आता संपला. त्यातली कित्येक शाळांना आणि संग्रहालयांना वाटून टाकली गेली. अपाची पॉइंटवर आता ५०० छोटे यंत्र-हात काही मिनिटांत तंतू जागेवर नेतात. २०२३ पासून चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेत आणखी एक सर्वेक्षण सुरू आहे. ते दूरच्या दीर्घिका सोडून आपल्याच कहकशांतल्या आणि शेजारच्या मॅगेलन मेघांतल्या वायूचे नकाशे काढते. त्याच्या मुख्य जुडीत १८०१ तंतू आहेत. दुर्बिणी मात्र चार, आणि प्रत्येकीचा व्यास फक्त १६ सेंटिमीटर, चहाच्या बशीएवढा.